पत्र्याआडची प्रार्थना

गुंडा धनगरानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याच्या मंद्रूपकडच्या वस्तीवरून कुणी भांडायला आलं नाही. धाकट्या भावानं, सिद्धनाथानं, तो गावी गेल्यावर त्याचं ताट वेगळं मांडलं, एवढंच. बायको केराबाई त्याच्यासोबत सोलापुरातच राहिली. तिनं बिरोबाचा टाक खोलीतल्या कोनाड्यात मांडला आणि रोज सकाळी त्याला भंडारा लावत राहिली. गुंडानंही कधी हरकत घेतली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गुंडा मेंढरं घेऊन भीमेपलीकडं, विजापूरच्या बाजूला गेला होता. मागं त्यांची एकुलती एक मुलगी मल्लव्वा तापानं फणफणली. सिद्धनाथ निरोप घेऊन गेला आणि कळप सापडलाच नाही म्हणत परत आला. मल्लव्वा गेली. गुंडा उशिरा पोचला. निरोप मिळालाच नाही, असं त्यानंही सांगितलं आणि केराबाईनं ते मानलं.

पुढं मेंढरं चाऱ्यावाचून गेली. गुंडाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सडायला लागला आणि तो सोलापूरच्या मिशनच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून राहिला. तिथं कल्लप्पा नावाचे चर्चचे म्हातारे पाळक रोज त्याच्या खाटेशी येऊन बसत. पाय वाचला. दवाखान्याच्या बागेला पाणी घालायचं काम मिळालं आणि केराबाईही सोलापुरात खोलीवर राहायला आली. वर्षभरानं गुंडानं आपणहून बाप्तिस्मा मागितला.

प्रार्थनेला वेगळे शब्द लागत नाहीत, घरी बोलतोस तसं बोल, असं कल्लप्पांनी त्याला सांगितलं होतं. पण गुंडा घरी कधी बोलतच नसे. आता मात्र दुपारी कामावरून आला, की खोलीतल्या पत्र्याच्या आडोशाला गुडघे टेकून तो मोठ्यानं बोलायचा. पत्र्याच्या अलीकडं केराबाई विड्या वळत बसलेली असायची. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग ती त्या वेळेची वाट बघायला लागली. नवऱ्याचा पाय अजून ठणकतो, तिच्या हातची अंबाडीची भाजी त्याला आवडते, हे तिला तिथूनच कळलं.

एका दुपारी ती कोपऱ्यावरून विड्यांची पानं घेऊन आली, तेव्हा त्याची प्रार्थना सुरू झाली होती.

"देवा, सिदा आला हुता. पोरगी लई आजारी हाय म्हनला. मेंढ्या वीत हुत्या, मी म्हनलं उद्या निघतो. उद्याबी तसंच म्हनलं. केराला म्हनलो, निरोपच न्हाय मिळाला. सिदालाबी तेच सांगाय लावलं. तू मला माफ केलंस. आता माजं मन हलकं हाय."

केराबाईनं पानं खाली ठेवली आणि पत्र्यामागं जाऊन उभी राहिली.

"माजी पोरगी माज्या मांडीवर गेली," ती म्हणाली. "मला न इचारता त्यानं कसं माफ केलं?"

गुंडा गुडघ्यावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली आणि कल्लप्पांना तेच विचारलं. ते वाद घालतील, आपल्या देवाची बाजू घेतील, असं तिला वाटलं होतं.

"त्याला देवाशी बोलायला मी शिकवलं, बाई," ते म्हणाले. "आधी तुमच्याशी बोल, हे सांगायचं राहून गेलं."

त्यांनी गुंडाला काय सांगितलं ते कळलं नाही, पण पत्र्याआडचा आवाज बंद झाला. गुंडा यायचा, जेवायचा आणि बाहेर पायरीवर बसून राहायचा. मग एका संध्याकाळी तो चुलीपुढं तिच्यासमोर येऊन बसला. गुडघे टेकले नाहीत, हात जोडले नाहीत. सिद्धनाथ कसा पाया पडून रडला, आपण त्याला कसं परत धाडलं, सगळं त्यानं तिला सांगितलं.

"मेंढ्यांचं निमित्त हुतं," तो म्हणाला. "मला तिला मरताना बघायचं न्हवतं."

"आन् मी बगितलं, ते कसं?"

गुंडा रडायला लागला. केराबाईनं त्याला थांबवलं नाही. माफ केलं, असंही ती म्हणाली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि थोड्या वेळानं त्याच्यापुढं ताट ठेवलं.

बिरोबाच्या जत्रेला ती एकटीच गावी गेली. आजवर देवापुढं ती काही ना काही मागायलाच उभी राहिली होती. मूल दे, पाऊस दे, मेंढरं वाचव. या वेळी मुठीत भंडारा धरून ती उभी राहिली आणि मागावं असं काही तिला आठवेना. मग ती बोलायला लागली. मल्लव्वा पाणी कशी मागत होती, बापाचं नाव कितीदा घेत होती, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मागची माणसं खोळंबली. पुजाऱ्यानं एकदा हटकलं. तिचं सांगून होईतो ती हलली नाही.

ती परत आली, तेव्हा देवाला काय मागितलंस, असं गुंडानं विचारलं.

"काय न्हाय. मल्लव्वाचं सांगितलं."

गुंडा हळू आवाजात म्हणाला, "मला सांगशील?"

केराबाईनं डोईवरचं गाठोडं उतरवून ठेवलं.

"सांगन की," ती म्हणाली. "बसा."

आणि पहिल्या दिवसाच्या तापापासून तिनं सुरुवात केली.