वैजयंतीचे खाडे

वैजयंतीच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं. रोजच्या सवयी त्यात लिहायच्या, केल्या की टिक करायची. तिच्या चार होत्या: तुळशीला पाणी, ह्यांची गोळी, चालणं, अक्षयाला फोन. ऑगस्टमध्ये ती गेली. मार्चमध्ये तिच्या मोबाइलवर सूचना आली: ॲप महिनाअखेर बंद होत आहे, आपली माहिती उतरवून घ्या.

तिच्या नवऱ्याने, सूर्यकांतने, फरीदाबादच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनं सांभाळली होती, पण ही सूचना वाचून काय दाबावं ते त्याला कळेना. त्याने बंगळुरूला मुलीला, अक्षयाला, फोन लावला.

"बाबा, घाबरू नका यार. सेटिंग्ज उघडा. खाली एक्सपोर्ट दिसतंय?"

"दिसतंय. पण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं तर?"

"बिल्कुल नाही. नुसती नक्कल निघते. मला पाठवा."

फाइल पोचली. अक्षयाने ती उघडून शेवटपर्यंत पाहिली.

"बाबा, ह्यात कालचीही टिक आहे."

"मीच करतो. सकाळी चहा झाला की."

"चालायला जाता?"

"नाही."

"गोळी?"

"कधी घेतो, कधी राहते."

"अच्छा! आणि टिक मात्र रोज." ती रागावली होती. "आईच्या महिन्यांत मधे मधे खाडे आहेत. अकरा ऑगस्टनंतर एकही नाही."

"तिचे खाडे वाच ना," तो म्हणाला.

तिने वाचले. नोव्हेंबरात चार दिवस चालणं नाही. तेव्हा धुरामुळे समोरचा टॉवर दिसत नव्हता. जानेवारीत एक दिवस ह्यांची गोळी नाही. पडद्यांच्या रंगावरून भांडण झालं होतं आणि तिने गोळी आणून दिली नव्हती. तेही तिने लपवलं नव्हतं.

"माझ्या टिका काढून टाक," सूर्यकांत म्हणाला.

"मग फाइल अकरा ऑगस्टला संपेल, बाबा."



"संपू दे. तिथपर्यंतच ती आहे. शेवटचा दिवस वाच."

"तुळस आहे, गोळी आहे, मला फोन आहे. चालणं रिकामं."

ते का रिकामं, हे त्याला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ती बूट घालून दारात उभी होती. "आज तरी चला हो," म्हणाली. तो म्हणाला, "मॅच आहे. उद्या नक्की." तिने बूट काढले आणि शेजारी येऊन बसली. पहाटे तिला दवाखान्यात नेलं, ते परत आणलंच नाही.

एक एप्रिलला ॲप उघडलं नाही. सूर्यकांत बूट घालून खाली उतरला. ती कुठल्या वाटेने जायची, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने गेटवरच्या गार्डला विचारलं, "मॅडम किधर से जाती थीं?"

"पानी की टंकी तक, साहब. वहाँ बेंच पर बैठती थीं."

तो निघाला. अर्ध्या वाटेत धाप लागली. टाकी दिसत होती, बेंचही दिसत होता. तो थोडा वेळ तिकडे बघत उभा राहिला आणि मागे वळला. घरी येऊन गोळी घेतली, मग अक्षयाला फोन केला.

"चालून आलो."

"आई जायची त्या टाकीपर्यंत?"

"नाही. अर्ध्यातून परत आलो."

"मग टिक नाही, बाबा."

"नाहीच," तो म्हणाला. "आज खाडा."