सुवर्णाबाईंचे फ्रेंच

सुवर्णाबाई फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाल्या होत्या. परदेशी पर्यटकांच्या गाइडचे काम हवे, तर या खेपेस पास होणे भागच होते. त्यांच्याच वर्गात शिकणारी त्यांची मुलगी उत्कर्षा क्रियापदांचे तक्ते घोकून पहिली आली होती.

"आई, मतलब, रोज दहाच क्रियापदं पाठ कर ना!"

"केली गं. तोंड उघडलं की डोळ्यांपुढे तक्ता येतो आणि जीभ अडते. तुझी रीत तुला लाभली. मला हात चालल्याशिवाय सुचत नाही."

त्या दिवसापासून जगतपुऱ्यातल्या घरी पीठ मळणे, भाकरी थापणे, सारे फ्रेंचमध्ये मोठ्याने सांगून होऊ लागले.

"भाकरीला कळतंय का काही?" रेल्वेच्या ड्यूटीवरून परतलेले त्यांचे पती दशरथराव हसले.

"ती चुका तरी काढत नाही!"

परीक्षेत खुर्चीवर बसताच शब्द पुन्हा पळाले. सुवर्णाबाईंनी पदर खोचला आणि परीक्षकांना फ्रेंचमध्येच विचारले, "उठून, दाखवत बोलू का?"

होकार मिळताच त्या खिडकीशी गेल्या आणि हातवारे करत खालचा सी-स्कीम भागातला रस्ता दाखवून बोलू लागल्या. एक-दोन वाक्ये चुकली, पण बोलणे थांबले नाही. परीक्षक उठून त्यांच्याशेजारी आले.

"आणि ती पलीकडची इमारत कसली?" त्यांनी पर्यटकाच्या कुतूहलाने विचारले.

सुवर्णाबाईंनी तेही सांगितले.