ऐकलेलंच वाक्य

मिस्त्रीची बायको घरी बसून शब्दकोशाचं काम करायची. इंग्रजी शब्द एक, त्याचे अर्थ वीस-पंचवीस, आणि प्रत्येक अर्थासाठी माणसं मराठीत खरोखर काय बोलतात त्याचं एक वाक्य. एका कार्डावर एक वाक्य, खाली बोलणारा आणि तारीख. नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ: वाक्य आपल्या कानांनी ऐकलेलं हवं आणि त्याच दिवशी लिहिलेलं. मनाने रचलेलं वाक्य म्हणजे खोटी साक्ष, असं ती म्हणायची.

तिचा शेवटचा शब्द 'कीप'. दिसायला एवढासा, पण मराठीत त्याला एक घर नाही. किल्ली ठेवतात, वचन पाळतात, दूध टिकतं, गुपित राखतात, माणूस बोलत राहतो. मिस्त्री पंप दुरुस्त करून घरी यायचा, जेवताना बडबडायचा, आणि ती मध्येच हात वर करायची.

"थांबा, परत म्हणा."

"अगं, घास तरी गिळू दे!"

"गिळा. पण शब्द बदलू नका."

ती गेल्याला दोन महिने झाले. कार्डांचं खोकं तिच्या टेबलावर दोरीने बांधलेलं तसंच होतं. मिस्त्रीने हात लावला नव्हता. पण रविवारी सकाळी संपादकांचा फोन आला. छपाई त्या शब्दापाशी अडली होती, दुपारी ते खोकं न्यायला येणार होते. मिस्त्री "हो" म्हणाला आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसला. तिच्या हातचं घरात आता एवढंच उरलं होतं.

द्यायच्या आधी एकदा वाचू, म्हणून त्याने दोरी सोडली. बहुतेक कार्डांखाली बोलणारा म्हणून 'हे' असं लिहिलेलं. म्हणजे तोच. वाचता वाचता त्याला हसू येत होतं. मग एक कार्ड आलं.

'एका माणसाला अर्धा लिटर दूध संपत नाही आणि टिकतही नाही.' खाली 'हे'. तारीख, ती गेल्यानंतर नवव्या दिवसाची.

हे तो बोलला होता. स्वयंपाकघरात, एकटाच, नासलेलं दूध मोरीत ओतताना.

पुढचं कार्ड: 'तुझी साडी आहे तिथेच ठेवलीय.' तारीख गेल्या महिन्याची. तेच हिरव्या शाईतलं अक्षर, 'झ'ची तीच लांब शेपटी. मिस्त्रीच्या अंगावर सरसरून काटा आला.

तेवढ्यात लेक आली. तिने कार्डं पाहिली, बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हीच लिहिलीत ही. दुःखात माणूस काहीही करतो आणि विसरतो."

"माझं अक्षर बघितलंयस ना? पान्याने लिहिल्यासारखं."

तिच्याही मनात पाल चुकचुकली असावी.

चार वाजता संपादक आले. बूट काढून आत बसले, कार्डं चाळली. तारखा त्यांनी पाहिल्या की नाही, कळलं नाही.

"मिस्त्री, काम चोख आहे बाईंचं. फक्त शेवटच्या अर्थाचं हे वरचं कार्ड कोरं आहे. एखादी गोष्ट करतच राहणं. तेवढं एक वाक्य मिळालं की शब्द संपला."

मिस्त्रीने ओठ घट्ट मिटले. शब्द संपला की खोकं जाणार. वाक्य नसेल तर शब्द अडेल, खोकं इथेच राहील. संपादकांनी चहा संपवला, दोनदा विचारलं. मिस्त्री ताकास तूर लागू देईना.

शेवटी लेक वैतागली. "बाबा, बोला ना! आणखी किती दिवस असे गप्प बसून राहणार?"

खोलीत एकदम गार झाल्यासारखं वाटलं. संपादकांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. वरचं कार्ड मघाशी कोरं होतं, तिघांनी पाहिलं होतं. आता त्यावर लेकीचं वाक्य होतं, शब्द न् शब्द. खाली 'लेक', आणि आजची तारीख. संपादकांच्या अंगठ्याला हिरवी शाई लागली.

ते उठले. खोक्याला हात लावायला तयार होईनात. म्हणाले, "राहू द्या मिस्त्री. तुमच्याकडेच राहू द्या."

मिस्त्रीच्या मनासारखं झालं होतं. पण त्याने ते कार्ड पुन्हा वाचलं. तिने काम पुरं केलं होतं. पुरं झालेलं काम तिने एक दिवससुद्धा घरात ठेवलं नव्हतं कधी. त्याने दोरी बांधली, खोकं स्वतः गाडीत नेऊन ठेवलं आणि म्हणाला, "छापा."

गाडी गेली. लेक दारात उभी होती, पांढरीफटक. आत यायला तयार नव्हती. त्याला हाताला धरून तिने रस्त्याच्या टोकापर्यंत नेलं आणि मगच तोंड उघडलं.

"बाबा, तुम्हाला त्या घरात भीती नाही वाटत?"

"वाटते ना," मिस्त्री म्हणाला. "आपण हे इथे बोलतोय, ते तिला ऐकू जात नसेल, याची."