किनाऱ्यावरचं माणूस

लाइफ जॅकेटचे तुटलेले पट्टे शिवून घ्यायला कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, शिकवणारा मास्तर माझ्या शिलाईच्या दुकानात आला आणि साठीला टेकलेल्या मला समुद्रात मासे धरायचं वेड लावून गेला. नवऱ्याने ऐकल्यावर विचारलं, "का, बाजारातले संपले?" त्याच्या विनोदांना हसणं मी कधीच सोडून दिलंय.

पहिले चार दिवस मास्तरने गळाला हात लावू दिला नाही. मुद्दाम कयाक उलटी करायची, पाण्यात पडायचं आणि पोटावर सरपटत परत वर चढायचं, एवढंच. पाचव्या दिवशी त्याने एकटीला सोडलं, ते एका अटीवर.

"किनाऱ्यावर तुमचं एक माणूस हवं. तुम्ही अकराला परत यायचं. आलात की त्यांनी मला मेसेज करायचा. मी पलीकडच्या खाडीत शिकवत असेन. मेसेज नाही आला, तर बोट काढतो."

मी नवऱ्याला बाकावर बसवलं. छत्री, वर्तमानपत्र, थर्मासमध्ये चहा, सगळी सरबराई केली.

साडेदहाला गळाला मासा लागला. मी हरखून दोन्ही हातांनी बाजूला वाकले आणि कयाकसकट उलटी झाले. तिसऱ्या प्रयत्नात वर चढले खरी, पण वल्हं वाहून गेलं होतं. ते कयाकला बांधायची दोरी गळाच्या दोरीत अडकत होती, म्हणून मीच सोडून ठेवली होती. चूक माझीच. फोन तळाला गेला होता आणि वारा मला समुद्रात आत लोटत होता.

तरी खरं सांगते, मी घाबरले नाही. अकरा वाजतील, मेसेज जाणार नाही, बोट येईल. कधी नव्हे तो मला बाकावरच्या त्या माणसाचा आधार वाटला. मनगटावरच्या घड्याळात अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बारा वाजले तेव्हा मी पालथी पडून हातांनीच पाणी मागे सारायला लागले.

दोनच्या सुमारास किनाऱ्याला लागले. बाक रिकामा होता. खाडीतून नुकताच परतलेला मास्तर कयाकी आवरत होता, मला बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने फोन पुढे केला. 'पोचली. धन्यवाद.' वेळ दहा पन्नास. माझ्या नवऱ्याने मला आजवर कधी धन्यवाद म्हटलेलं नाही.

घरी तो जेवत होता. "मिळाला का मासा?"

"अहो, मी आलेच नव्हते. मेसेज कसा केलात?"

"ऊन केवढं झालं होतं. आणि तू काय, येतेसच."

हे तो इतक्या सहज म्हणाला की माझ्या जिव्हारी लागलं. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. चौतीस वर्षं मी येतच होते, दवाखान्यातून, दुकानातून, माहेरी रुसून गेले तरी तिथून. वाट बघायची वेळ त्याच्यावर मी कधी आणलीच नव्हती.

त्याने रिकामं ताट पुढे केलं. मी वाढलं नाही. त्याच क्षणी बॅग भरून निघायचं माझ्या मनात होतं. पण बॅग कपाटावर होती आणि माझे हात खांद्याच्या वर जाईनात.