पांघरूण नसलेली गोष्ट

'विद्यार्थिनीचे उत्तर मूळ पाठ्यकृतीवर आधारलेले नाही. सबब, दिलेले शून्य गुण योग्य आहेत.'

मित्रांनो, हे वाक्य परीक्षा विभागाच्या कागदावर छापलेले आहे. खाली प्रमुख परीक्षकांची सही आहे आणि सहीवर गोल शिक्का आहे. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. आता ते जरा उलगडून पाहू. विद्यार्थिनी होती, हे खरे. तिने उत्तर लिहिले होते, हेही खरे. शून्याबद्दल तर वादच नाही, कारण ते लाल शाईने आणि खूप मोठे काढले होते. उरली मूळ पाठ्यकृती. ती समोर ठेवून हा निर्णय दिला गेला, असे कोणत्याही भल्या माणसाला वाटेल. प्रत्यक्षात तिची महाविद्यालयात उरलेली एकमेव प्रत त्या वेळी त्या मुलीच्याच दप्तरात होती, आणि परीक्षकांनी ती कधी मागितली नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती प्रत मी आहे.

मी एक जुना पाठ्यसंग्रह आहे. इंग्रजीच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या काही लघुकथा, काही कविता आणि एक एकांकिका माझ्यात आहेत. माझी भाषा इंग्रजी असली, तरी इतकी वर्षे तुमच्या बाकांवर काढल्यामुळे तुमची भाषा मला अवगत झाली आहे. तासाला तुम्ही एकमेकांशी कोणत्या भाषेत कुजबुजता, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म एका अरुंद छापखान्यात झाला. माझे संपादक वाळक्या अंगाचे, चिडखोर गृहस्थ होते. त्यांनी निवडलेली प्रत्येक कृती इतकी लहान होती की ती एका बैठकीत वाचून व्हावी, आणि इतकी खोल की बैठक मोडल्यावरही ती संपू नये. शेवटच्या कथेवरून त्यांचे छापखान्याच्या मालकाशी कडाक्याचे भांडण झाले. कथा संपल्यावर अर्धे पान कोरे राहत होते.

"साहेब, कागद फुकट जातोय. इथे दोन-चार प्रश्न तरी टाका," मालक म्हणाले.

"टाकायचे नाहीत. ही गोष्ट संपल्यावर वाचणाऱ्याला जरा गप्प बसू द्या."

"गप्प बसायला कोण विकत घेतंय पुस्तक?"

संपादकांनी हट्ट सोडला नाही. मला दोऱ्याने शिवले, वर जाड पुठ्ठा चढवला आणि मी जगात आलो. माझी दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. जे आहे ते एवढेच, आणि ते पहिल्यापासून तसेच आहे.

ती शेवटची कथा तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचे सगळे महाभारत तिच्यावरून घडले. दोन बहिणी एका घरात राहतात. आईचे शिवणयंत्र कुणी विकले, यावरून त्यांच्यात अबोला आहे. थोरली कापडगिरणीत जाते. ती परतण्याच्या वेळी धाकटी खिडकीत दिवा ठेवते. बोलत नाही, पण दिवा ठेवते. एका संध्याकाळी थोरली घरापाशी येते, तर खिडकीत दिवा नाही. ती दारावर हात ठेवते. शेवटची दोन वाक्ये अशी आहेत: दाराला आतून कडी नव्हती. तरी ती बाहेरच उभी राहिली.

बस. त्यानंतर ते कोरे अर्धे पान.

सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. मुले मला छातीशी धरून चालत. कठीण शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा येत. त्या कथेपाशी वर्ग खरोखर गप्प बसे, आणि मग एकदम गलका होई. कुणी म्हणे धाकटी मेली, कुणी म्हणे रुसली, कुणी म्हणे तेल संपले असेल. त्या गलक्यासारखी स्तुती मला पुन्हा लाभली नाही.

मग मार्गदर्शिका आली. ती अंगाने सडपातळ, रंगाने भडक आणि स्वभावाने अतिशय आज्ञाधारक होती. परीक्षेत जे विचारतील तेवढेच ती बोले. तिचे लेखक इंग्रजी विभागाचे प्रमुख होते आणि पुढे तेच प्रमुख परीक्षकही झाले. म्हणजे प्रश्न काढणारे, उत्तर विकणारे आणि गुण देणारे हात दोनच होते. लवकरच तिच्यासारख्या आणखी मार्गदर्शिका बाजारात आल्या. प्रकाशक निराळे, वेष्टणे निराळी, मजकूर मात्र जुळ्या भावंडांसारखा. माझी भावंडे, म्हणजे माझ्या इतर प्रती, रद्दीत गेली. मी ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर, 'मागणी नाही' अशा चिठ्ठीमागे उभा राहिलो. चिठ्ठी खरी होती. तहान मारून टाकल्यावर पाण्याला मागणी राहत नाही.

मार्गदर्शिकेने माझ्या शेवटच्या कथेचा सारांश दिला होता. तो असा: 'थोरली आत जाते. धाकटी झोपलेली असते. थोरली तिच्या अंगावर पांघरूण घालते व दोघींचा समेट होतो.' हे पांघरूण माझ्या कोणत्याही पानावर नाही. तरी ते वर्षानुवर्षे शिकवले गेले. त्यावर टिपणे निघाली. एका चर्चासत्रात त्याच्या उबेवर एक निबंध वाचला गेला आणि टाळ्या पडल्या. एका अभ्यासकाने तर ते लोकरीचे असावे, असा तर्क मांडला. विद्वत्तेला वस्तूची अडचण कधीच होत नाही, मित्रांनो. वस्तू नसली की तिला उलट मोकळे रान मिळते.

अशा वेळी त्या विभागात नव्या बाई शिकवायला आल्या. त्यांनी मला फळीवरून काढले, धूळ झटकली आणि वर्गात नेले. त्यांची शिकवण्याची पद्धत इतकी साधी होती की ती कुणाला पद्धत वाटलीच नाही. मार्गदर्शिका दप्तरात ठेवायला लावत, मग एका विद्यार्थ्याला उतारा मोठ्याने वाचायला सांगत, आणि अर्थ विचारण्याआधी विचारत, "काय काय दिसलं?"

"बाई, अर्थ सांगून टाका ना, आमची बस जाईल," मागच्या बाकावरून आवाज येई.

"अर्थ बसमध्ये शोध. आत्ता दार दिसतंय का ते सांग."

"दिसतंय."

"उघडं की बंद?"

"बंद... नाही, कडी नाहीये. म्हणजे नुसतं लोटलेलं."

"बघ, बस गेली नाही आणि अर्थाच्या दारापर्यंत आलास पण."

मी अनेक विद्वानांच्या हातांत गेलो आहे. बाईंइतक्या आदराने माझ्या स्वल्पविरामाशी कुणी थांबले नव्हते. लहान कृती समजून घेणे म्हणजे तिचे गुपित फोडणे नव्हे, तिने जे सांगितले ते आधी नीट ऐकणे, हे त्या कधी बोलून दाखवत नसत. करून दाखवत.

त्या वर्गात एक मुलगी होती. सारखे प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला शंकाबाई म्हणत. आईवडील नव्हते; मावशीने वाढवले होते. मावशीचे कपडे धुण्याचे आणि इस्त्रीचे दुकान होते. शंकाबाईने मला ग्रंथालयातून घरी नेले आणि दुकानाच्या फळीवर, घडी घातलेल्या सदऱ्यांच्या शेजारी ठेवून वाचू लागली. तिला शिक्षिका व्हायचे होते. अध्यापन प्रशिक्षणाच्या विद्यालयात तिला जागाही मिळाली होती, मात्र एका अटीवर: सगळ्या विषयांत उत्तीर्ण व्हायला हवे.

परीक्षेत प्रश्न आला: 'कथेतील पांघरुणाचे प्रतीकात्मक महत्त्व स्पष्ट करा.'

बाकी सर्वांनी ते स्पष्ट केले. शंकाबाईने लिहिले, 'या कथेत पांघरूण नाही.' आणि पुढे लिहिले, 'थोरली आत जात नाही. दार उघडे असूनही ती थांबते, कारण दिवा नसताना आत जायचे तर धाकटीला हाक मारावी लागेल, आणि इतक्या वर्षांत तिने ती हाक मारलेली नाही. दिवा होता तोवर हाकेची गरज पडली नव्हती. लेखिकेने आपल्यालाही तिच्याबरोबर बाहेर उभे केले आहे.'

मित्रांनो, मी या कथेचे घर आहे. ती माझ्या अंगावर छापलेली आहे. तरी ती हाक मला त्या दिवसापर्यंत ऐकू आली नव्हती.

या उत्तराला शून्य मिळाले आणि तेवढ्या गुणांनी शंकाबाई नापास झाली. प्रशिक्षणाची जागा हातची जायची वेळ आली. गुणपत्रिका पाहून मावशीने इस्त्री उभी करून ठेवली.

"अगं बये, पांघरूण नव्हतं तर एक घालायचं! तुझ्या पदरचं जात होतं का?"

"गोष्टीत नाहीये ते, मावशी."

"गोष्टीत नसेना का! प्रश्नात होतं ना? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, हे लोक पांघरूण पाहून मार्क देतात, एवढं कळू नये तुला?"

"खोटं लिहून शिकवायला गेले, तर पोरांना काय सांगू?"

मावशीने एका सदऱ्याची कॉलर दोनदा इस्त्री केली. मग म्हणाली, "ते पुस्तक इकडे दे. मला वाचून दाखव, मराठीत सांगत सांगत."

शंकाबाईने वाचले. शेवटचे वाक्य झाल्यावर मावशी बराच वेळ दुकानाच्या दाराकडे पाहत राहिली. "नाहीच जाणार ती आत," ती हळूच म्हणाली. "माझीही एक बहीण होती, तुझी आई. चल, अर्ज लिही. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

बाईंनी अर्जाला शिफारस जोडली. त्यांची नोकरी कायम झालेली नव्हती आणि ती कायम करणे विभागप्रमुखांच्याच हातात होते. ज्यांच्याविरुद्ध अर्ज होता, त्यांच्याच. बाईंनी सही करताना पेनाचे टोपण दातांत धरले होते, एवढेच मला दिसले. त्या अर्जाचे उत्तर म्हणजे तुम्ही सुरुवातीला वाचलेले वाक्य.

त्यावर बाईंनी पुन्हा अपील केले आणि प्रकरण समितीसमोर गेले. समितीच्या अध्यक्षा गणित शिकवत. साहित्यातले आपल्याला कळत नाही, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आणि त्यामुळेच त्या दिवशी साहित्याचे भले झाले. शंकाबाईने मला टेबलावर ठेवले. मावशी भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. प्रमुख परीक्षक समोर बसले होते.

अध्यक्षांनी कथा पहिल्यापासून वाचली. पान उलटले, कोरा भाग पाहिला, पुन्हा मागे आल्या.

"सर, पांघरूण कुठंय?"

"मॅडम, साहित्यात सगळं उघड लिहिलेलं नसतं. ते सूचित असतं."

"सूचित? बरं. ही बाई घरात जाते, असं तरी कुठे लिहिलंय?"

"जुन्या आवृत्तीत असेल."

"हीच पहिली आवृत्ती आहे, सर," बाई म्हणाल्या. "दुसरी निघालीच नाही. आपली प्रत पाहता का?"

"माझी केव्हाच रद्दीत गेली."

"थोरली बाहेर उभी राहायला तयार आहे, हे मात्र तिला आत ढकलतायत," मावशी पुटपुटली. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिले, पण गप्प केले नाही.

अध्यक्षांनी बाजारातल्या इतर मार्गदर्शिका मागवून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून उघडल्या. "हे बघा, सर. या सगळ्यांत पांघरूण आहे. म्हणजे तुमच्या बाजूने बोलायचं तर एवढी माणसं एकाच वेळी चुकणार नाहीत. या सगळ्यांनी ते कुठून तरी घेतलं असेल. कदाचित खरंच एखादी जुनी प्रत..."

इथे प्रमुखांचा तोल गेला. माणूस आरोप सोसतो. आपला माल दुसऱ्याच्या नावावर गेलेला सोसत नाही.

"कसली जुनी प्रत? हे सगळे चोर आहेत! एक ओळ स्वतःची नाही त्यांची. ते पांघरूण माझं आहे!"

शंकाबाई इतकेच म्हणाली, "म्हणजे लेखिकेचं नाही ना, सर?"

अध्यक्षांनी लिपिकाला सांगितले, "आता सर जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून घ्या."

शंकाबाईला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले आणि प्रशिक्षणाची जागा टिकली. ती आता शिकवते. वर्गात पहिला प्रश्न 'काय काय दिसलं?' असाच विचारते, असे ऐकतो. बाईंची नोकरी कायम करण्याचा विषय मात्र 'विचाराधीन' आहे. पांघरुणावर ज्यांना गुण मिळाले, त्यांचे गुण तसेच राहिले, कारण शिकवले तेच त्यांनी लिहिले होते. मी पुन्हा ग्रंथालयात आहे, यावेळी वरच्या फळीवर.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. माझ्यासारख्यांची पाने दुमडू नका, हे तर सगळीच पुस्तके सांगतात. माझी पाने खुशाल दुमडा, रेघा ओढा, माझ्याशी भांडा. फक्त माझ्याबद्दल काही ऐकले, तर ते मानण्याआधी एकदा मला उघडून पाहा. मी लहान आहे. तुमचा फार वेळ घेणार नाही. आणि ज्यांनी मला फसवले, त्यांच्यावरही एक अन्याय मला करायचा नाही. शेवट बदलायचा तर खरा शेवट आधी नीट वाचावा लागतो. एके काळी त्यांनी मला वाचले होते, आणि बहुधा चांगले वाचले होते. पुढे काय झाले, ते समितीच्या इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत आहे. मी त्यात काना-मात्रेचाही फरक करत नाही:

"माझी मार्गदर्शिका दुसरे प्रकाशक उतरवून घ्यायचे. चोर पकडता यावा म्हणून त्या एका कथेचा शेवट मी मुद्दाम बदलला, पांघरूण मी घातलं. मूळ पुस्तक सगळ्यांकडे होतं, त्यामुळे मुलं फसतील असं मला वाटलं नव्हतं. मग मुलं तेच लिहायला लागली आणि मी त्यांना गुण देत गेलो. या मुलीचा पेपर तपासताना मला हे खरंच आठवलं नाही. मला वाटलं, हिने गोष्ट वाचलेली नाही."