कंपाउंडरच्या पुड्या

सेक्रेटरींनी ती पुडी चिमटीत धरून सगळ्यांना दिसेल अशी वर केली, तेव्हा कंपाउंडरांची नजर थेट पुडीच्या कानावर गेली. वर्तमानपत्राचा एक कान दुसऱ्यात खोचलेला, कडा नखाने दाबलेल्या. छत्तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे बसून त्यांनी औषधाच्या पुड्या अशाच बांधल्या होत्या. दवाखाना सुटला, पण हाताची सवय काही सुटली नव्हती.

“मागच्या मोकळ्या जागेत अशा ढिगाने पडल्यात,” सेक्रेटरी म्हणाले. “कुत्री फोडतात आणि वास आपल्या खिडक्यांतून येतो.”

रविवारची सकाळ होती. पार्किंगमध्ये इमारतीतली माणसं गोल करून उभी होती आणि मधोमध झाडू घेऊन मावशी. रोज दारोदारचा ओला कचरा गोळा करून कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत नेणं हे तिचं काम. तेवढं चालायचा कंटाळा करून ती भिंतीपलीकडे भिरकावते, असा सेक्रेटरींचा हिशेब होता, आणि तो सगळ्यांना पटला होता. कचरा प्लास्टिकमध्ये भरायचा नाही, कागदात बांधायचा, हे इमारतीत आता घरोघर चालत होतं. पुडीला कान असतात हे मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ती पद्धत लावली कंपाउंडरांनीच. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात सात नियम होते. दात घासताना नळ बंद. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. पिशवी कापडाची. खोलीतून निघताना दिवा-पंखा बंद. असे करत करत सातवा: ओल्या कचऱ्याचं घरीच खत. त्यांच्या गॅलरीत त्यासाठी निळं पिंप होतं. कंपाउंडरांच्या घरचा ओला कचरा खाली येतच नाही, असं पाहुण्यांनाही सांगितलं जाई.

चार महिन्यांपूर्वी त्या पिंपात अळ्या झाल्या. खालच्या गॅलरीत काळं पाणी ठिबकलं, ते ‘कुंडीतलं असेल’ म्हणून त्यांनी निभावून नेलं. पहाटे उठून पिंप धुतलं, झाकण लावलं, वर गुलाबाची कुंडी ठेवली. तेव्हापासून सकाळच्या फिरण्याला निघताना कापडी पिशवीत एक पुडी असे, आणि परतताना नसे. नर्सरीतून खत आणून घरचं म्हणून वाटायचे, ते वेगळंच. शेजारीण म्हणायची, तुमच्या खताला कसा मातीचा वास येतो.

बायको एवढंच म्हणाली होती, “त्या पिंपात आता फक्त तुमची अब्रू आहे. झाकण घट्ट लावत जा.”

“कंपाउंडरसाहेब, तुम्हीच बोला,” सेक्रेटरी म्हणाले. “यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?”

कंपाउंडरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. “चांगली सवय अंगी लागायला वेळ लागतो,” ते म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, यात खोटं असं काही नव्हतं. त्याचीच जास्त लाज वाटली.

मावशीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या तारखेपासून दुसरी बाई बघायची असं ठरलं. आजच्या आज मागचं सगळं उचलायचं, हेही ठरलं. मावशी “बरं” म्हणाली आणि टोपली आणायला गेली.

घरी बायको भोपळा चिरत होती. गॅलरीतून तिने सगळं ऐकलं असणार. ती रागावली असती तर बरं झालं असतं, उलट बोलता आलं असतं. तिने सालांचा ढीग त्यांच्यापुढे सरकवला, शेजारी कालचा पेपर ठेवला.

“घ्या,” ती म्हणाली. “बांधा.”

त्यांनी कागद हातात घेतला. एक घडी घातली. दुसरी घडी बोटांना सुचेना. कागद तसाच ठेवून ते पायात चपला सरकवून खाली उतरले.

भिंतीपलीकडे मावशी वाकून पुड्या वेचत होती. तेही वाकले. गुडघा कट्कन वाजला. दोन-तीन पुड्या उचलून त्यांनी तिच्या टोपलीत टाकल्या.

“मावशी, या पुड्या...” त्यांनी सुरुवात केली.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “माझ्या लेकीला तापाच्या पुड्या तुम्हीच द्यायचात. अख्खं लहानपण तिचं तापातच गेलं. दिवसातून तीनदा मी पुडी सोडायचे. कान कुठे खोचलेला असतो ते माझ्या बोटांना अंधारातही कळेल.”

“मग मघाशी बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.”

कंपाउंडरांच्या हातातली पुडी फुटली. भिजलेली चहापत्ती मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

“पिंपात सुका पाला घालत होतात?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग सडणारच. ओल्यावर सुकं पसरावं लागतं. मी रोज पोतंभर पाला झाडते. मागायचात.”

टोपली भरल्यावर ती त्यांनी उचलू पाहिली. तिने उचलू दिली नाही.

हात धुऊन ते जिन्याखाली गेले. पेनाचं टोपण उघडून फळ्यावरच्या कागदावर, सातव्या नियमाच्या खाली, त्याच टपोऱ्या अक्षरात त्यांनी दोन ओळी लिहिल्या. अक्षर यावेळी जरा वर चढलं. तेवढ्यात वरून सेक्रेटरी पिशवी घेऊन उतरत होते. शेजारीणही कठड्याला टेकली होती. आणि गाडीवर टोपली रिकामी करून मावशी दारातून येत होती.

ती फळ्यापाशी थांबली.

“नवीन काय लिहिलंत?” तिने विचारलं. “मला वाचता येत नाही.”

सात नियम चार वर्षं तिथे होते. वाचता येतं का, हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. सेक्रेटरी मधल्या पायरीवर थांबले होते. वाचल्यावाचून सुटका नव्हती.

“भिंतीमागच्या पुड्या माझ्या आहेत,” त्यांनी वाचलं. ते जिन्यापर्यंत पोचलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने वाचलं. “भिंतीमागच्या पुड्या माझ्या आहेत. मावशींचा त्यात काही दोष नाही.”

शेजारणीने कठड्यावरचा हात काढून घेतला.

मावशीने कोपऱ्यातला झाडू घेतला.

“पाय जरा बाजूला घ्या,” ती म्हणाली. “इथलं झाडायचं राहिलंय.”

कंपाउंडर बाजूला झाले, आणि ती तिथलं झाडून पुढे जाईपर्यंत भिंतीला पाठ लावून उभे राहिले.