रंजिताचं बोट लागताच रडलेला कॉम्प्युटर

अख्खं दिघाशी गाव ठमाबाईच्या ओटीवर लोटलं होतं. तिच्या मेलेल्या पोराचा, भावेशचा आत्मा म्हणे त्याच्या कॉम्प्युटरात शिरला होता, आणि दाजी भगत आज त्याला बोलतं करणार होता. मयताला न फिरकलेले लोकही आज वेळेवर हजर होते.

दाजीने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि आत लिंबू फिरवलं. "ह्यो पंखा म्हंजी श्वास. ही हार्ड डिस्क म्हंजी काळीज. आन ह्यो मदरबोर्ड, म्हंजी आई. पोराचा जीव आईला चिकटून हाय. ज्यानं त्याला खाल्ला, त्याचा बोट लागला का तो रडंल."

एकेकाने बटण दाबलं. बारीकसा एक आवाज व्हायचा आणि पडद्यावर भावेशचा हसरा फोटो यायचा. दर वेळी दाजी मशीन बंद करून आत लिंबू फिरवायचा. शेवटी भावेशच्या बायकोची, रंजिताची पाळी आली. तिने बटण दाबलं, तर पडदा काळाच राहिला आणि आतून लांबलचक चिरका आवाज थांबून थांबून येऊ लागला.

ठमाबाईने हंबरडा फोडला. शेजारच्या हौसाने रंजिताचे केस धरले. "चेटकीन हाय ही. गावाभाईर काढा." रंजिताच्या कपड्यांची पिशवी सकाळीच भरून अंगणात ठेवली होती. निकाल आधी आणि चौकशी मागाहून, ही दाजीची पद्धतच होती.

रंजिता भांडली नाही. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. दमट हवेत मशीन असंच कोकलायचं. मग भावेश रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासायचा आणि ती बॅटरीचा उजेड धरून उभी राहायची.

"जाते मी," ती म्हणाली. "एकदा बंद तरी करू द्या."

तिने मशीन बंद करून आत पाहिलं. रॅमची पट्टी एका बाजूने उचकटलेली होती, दाजीचं लिंबू फिरलं होतं तिथेच. तिने ती अंगठ्याने दाबून बसवली आणि पुन्हा बटण दाबलं. भावेश पडद्यावर हसला. मग मशीन बंद करून तिने पट्टीच काढून हातात घेतली. "दाजी, आता तुमी दाबा."

दाजी चपला शोधू लागला. मघाशी केस धरणाऱ्या हातांनी आता दाजीचं मनगट धरलं आणि बोट बटणावर टेकवलं. मशीनने दाजीलाही चेटकीण ठरवलं. सगळे हसले, हौसा सगळ्यांत जास्त.

रंजिताला मात्र हसू आलं नाही. "ही पट्टी जागेवर नसली का मशीन बोंबलतं, बोट कुनाचा बी असो. भावेशला कावीळ झालेली. ह्याच दाजीनं माळ घातली, लांबली का कावीळ उतरंल म्हनला. माळ लांबत गेली आन तो पिवळा होत गेला, तुमी सगळ्यांनी बघितला. पुढं कुनाचे डोळे पिवळे झाले तर पयला दवाखाना गाठा. आन कोन मेला तर बायकोचे केस धरायच्या आदी इचारा, औषध दिला का."

लोक खाली मान घालून पांगले. दाजी कधी सटकला कळलंच नाही. रंजिताने मशीन बंद केलं. ओटीवर ठमाबाई तेवढी उरली.

"चालू कर परत," ती म्हणाली. "रडू दे त्याला."

"तो रडत न्हाय, आई. मशीन हाय ते."

ठमाबाईने काळ्या पडद्यावरून पदर फिरवला. "दवाखाना नको, माळ बास हाय, असा मीच बोलले तवा."

'तुमी न्हाय' असं म्हणून रंजिताला तिची समजूत घालता आली असती. तिने पिशवी उचलून घरात नेली आणि दारातून म्हणाली, "व्हय. तुमीच."